एकाग्रतेची मात्रा

गोळी घेतली की दुपार पार उलटून जाईपर्यंत मला भूक लागत नाही. मेथिलफेनिडेटचा हा गुण म्हणा, अवगुण म्हणा, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवला होता. अडचण आली ती एकादशीला. साबुदाणा, भगर असलं काही न खाता दूध-फळांवर एकादशी करायची ही सासूबाईंची पद्धत. लग्नानंतर ती मी उचलली. इतकी वर्षं त्या दिवशी अकरा वाजले की पोटात कावळे ओरडायला लागायचे, बारानंतर डोकं भणभणायचं, आणि त्यातही कुणावर न खेकसता दिवस काढायचा, हाच माझ्यापुरता उपासाचा अर्थ होता. आता संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना आठवतं की आज आपण काही खाल्लेलंच नाही. मग हा उपास झाला का?

धर्मशास्त्राचे निबंधकार या प्रश्नाच्या अर्ध्या वाटेपर्यंत आले आहेत. व्रत कशाकशाने मोडत नाही याची आठ गोष्टींची यादी त्यांच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा भेटते: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. म्हणजे गोळीने माझी एकादशी मोडत नाही, एवढं नक्की. पण औषधच व्रत पार पाडायला लागलं तर पुण्य कुणाच्या खात्यावर, हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही. विचारणार तरी कशाला? भूक मारणारं औषध ऐन उपासाच्या दिवशी घेणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांनी हे थट्टेवारी नेलं. ‘मॅडम, मलाही एक पट्टी द्या, पोट कमी करायचंय,’ म्हणाले. थट्टा ठीक आहे, पण तिच्या खाली जे उरतं ते मला सुटत नाही. वेळेवर पोचणं, हातात घेतलेलं पुरं करणं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत तोंड न उघडणं, हे सगळं मला लहानपणापासून सद्गुण म्हणून शिकवलं. ते अंगी नाहीत म्हणून मी बोलणी खाल्ली, आणि पुढे तर लोकांना तसदी न देता स्वतःच स्वतःला ऐकवत राहिले. आता ते चंदेरी पट्टीतून येतात. तर ते सद्गुण आहेत का? आणि नव्हते तेव्हा तो दुर्गुण होता का?

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवते. वय ४७. पदव्युत्तर वर्गाची योगसूत्रं, व्यासभाष्यासकट, माझ्याकडे असतात. चित्तवृत्तींचा निरोध शिकवणाऱ्या बाईंचं स्वतःचं चित्त कसं होतं ते आमच्या शिपायांना विचारावं. हजेरीपट ग्रंथालयात, चष्मा स्टाफरूममध्ये, डबा रिक्षात. मुलांचे प्रकल्प तपासायला घरी आणले की त्या गठ्ठ्याला वळसा घालून मी दिवसचे दिवस घरात हिंडायची आणि गुण भरायच्या आदल्या रात्री दिवा जाळत बसायची. आणि तरी मीमांसेच्या शाबरभाष्यातलं एखादं अधिकरण रंगलं की तास संपल्याची घंटा कानावर यायची नाही. इथेच सगळा घोळ होता. ‘हिला हवं असलं की बरोबर जमतं,’ असं माहेरी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. हवं असलं की जमायचं. काय हवं असावं हे ठरवणं मात्र माझ्या हातात नव्हतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं, मलासुद्धा.

निदान एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आवरता न येण्याच्या दुखण्याचं; तो भाग थोडक्यात सांगते, कारण त्यात नाट्य नाही. मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे मी झोप लागत नाही म्हणून गेले होते. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत का विचारलं. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीने प्रौढांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी मानली, पण त्यांतली काही तरी वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असली पाहिजेत ही अट ठेवली. म्हणून हा जुना कागद. आईने तो ट्रंकेत जपला होता. वर्ग बदलले, बाई बदलल्या, शेरा बहुतेक तोच: हुशार आहे, लक्ष देत नाही. मग रक्तदाब, ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन. त्यानंतर औषध.

पहिलं ॲटोमोक्सेटिन. ते उत्तेजक गटातलं नाही, त्यामुळे दुकानात कटकट कमी आणि नातेवाइकांच्या भुवयाही फार वर जात नाहीत. मुळात हा रेणू नैराश्यासाठी म्हणून हाती घेतलेला. तिथे काही साधलं नाही, आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्याला एडीएचडीसाठी मंजुरी मिळाली. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. धीर नसण्याच्या दुखण्यावर धीर धरायला लावणारं औषध, असं डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले; हा विनोद त्यांनी पहिल्यांदा केला नसावा. मला मळमळायचं. भरल्या पोटी घेतलं तरी मळमळायचं, तोंडाला कोरड पडायची, जिना चढले की छाती धडधडायची. काही जणांच्या यकृतातलं एक विकर जन्मतःच मंद असतं आणि तेवढ्याच मात्रेचं औषध त्यांच्या रक्तात इतरांच्या कितीतरी पट साठतं. मी त्यांच्यातली आहे की नाही ते तपासलं नाही. मात्रा उतरवूनही पोट ऐकेना, तेव्हा ते सोडलं. याच औषधावर वर्षानुवर्षं सुखात असलेली माणसं आहेत. औषध ठरवताना नुसता रोग पाहू नका, देश, काळ, बल, वय आणि प्रकृती पाहा, असं चरक सांगतो. हे मी वर्गात शिकवलं होतं तेव्हा मला ते वैद्याच्या शिष्टाचारासारखं वाटलं होतं. तसं ते नाही.

मग मेथिलफेनिडेट. आपल्या कायद्यात ते शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांतली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, औषध कुलपात ठेवायचं, आणि विकायला वेगळा परवाना हवा. तो सगळे काढत नाहीत. ज्यांच्याकडे आहे तेही चिठ्ठी वाचतात, माझ्याकडे बघतात, पुन्हा चिठ्ठी वाचतात. ‘मुलाचं आहे का, ताई?’ ‘नाही, माझंच.’ पांढऱ्या होत चाललेल्या केसांची बाई उत्तेजक मागते आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठेवावं कळत नसावं.

या औषधाचा जन्म स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत झाला. लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये ते बनवलं. त्याची बायको मार्गरीट, लाडाने रीटा, ते घेऊन टेनिस खेळायची. ‘रिटालिन’ हे नाव तिच्यावरून पडलं. त्याआधी १९३७ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडला चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतर डोकं दुखणाऱ्या मुलांना बेंझेड्रिन दिलं. ते ॲम्फेटामाइन. डोकेदुखीला त्याचा विशेष उपयोग झाला नाही, पण मुलं खाली बसून अभ्यास करायला लागली आणि त्यांनीच त्याला गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. अवधान शोधायला यांतलं कुणीच निघालं नव्हतं, ही गोष्ट मला फार आवडते.

आधी तीन-चार तास टिकणारी गोळी मिळाली. सकाळचं व्याख्यान झकास व्हायचं आणि दुपारी ती उतरायला लागली की माझी पोरींवर चिडचिड सुरू. म्हणून दिवसभर पुरणारी. तिची रचना ऐकण्यासारखी आहे. बाहेर न विरघळणारं कवच, त्याला लेसरने पाडलेलं बारीक भोक, आत औषधाचे थर आणि त्यांच्या मागे पाणी शोषून फुगणारा एक थर. आतड्यातलं पाणी कवचातून झिरपतं, मागचा थर फुगतो, आणि तासातासाला थोडं थोडं औषध भोकातून पुढे ढकललं जातं. रिकामं कवच शौचावाटे जसंच्या तसं पडतं. ‘दिसलं तर घाबरू नका,’ असं डॉक्टर म्हणाले. मी कसली घाबरते, मला छांदोग्य उपनिषद आठवलं.

तिथे उद्दालक आरुणी आपल्या मुलाला सांगतो की खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. जाड भाग मळ होऊन बाहेर पडतो, मधल्याचं मांस होतं आणि सगळ्यांत सूक्ष्म भागाचं मन होतं. श्वेतकेतू म्हणतो, आणखी समजावून सांगा. मग बाप म्हणतो, पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. सोळाव्या दिवशी मुलगा येतो. बाप म्हणतो, ऋचा म्हण, यजुस् म्हण, सामं म्हण. बारा वर्षं गुरुगृही राहून, सगळे वेद शिकून गर्वाने घरी आलेला हा मुलगा म्हणतो, मला काहीच आठवत नाही. मोठ्या आगीतला काजव्याएवढा निखारा शिल्लक राहावा तसं तुझं झालंय, असं बाप समजावतो. जा, जेवून ये. तो जेवतो, येतो, आणि विचारलेलं सगळं म्हणून दाखवतो.

एक माणूस, आधीची अवस्था, नंतरची अवस्था, मध्ये बदललेली एकच गोष्ट. आजचा औषधशास्त्रज्ञ याहून मोठी संख्या मागेल, पण मांडणीला हरकत घेणार नाही. आणि या गोष्टीत कुणीही म्हणत नाही की वेद भाताने म्हटले. पाठ श्वेतकेतूचाच. उपाशी श्वेतकेतू हा खरा आणि जेवलेला तो नकली, असंही कुणाच्या मनात येत नाही. उपनिषदातला बाप मुलाचा गर्व उतरवतो आहे हे खरं, पण अपमान करत नाहीये. मन देहापासून वर येतं, देह बाहेरून आलेल्या वस्तूंवर चालतो, एवढंच त्याला दाखवायचं आहे. माझ्या गोळीबद्दलची निम्मी लाज मी इथे ठेवून आले.

उरलेल्या निम्म्या लाजेला हे उत्तर पुरत नाही. डॉक्टर मंडळी अशा वेळी चष्म्याची उपमा देतात: डोळा कमजोर, म्हणून काच, लक्ष कमजोर, म्हणून गोळी. मला ती लागू पडत नाही. चष्म्याने मला दिसतं, पण काय बघावंसं वाटावं ते चष्मा ठरवत नाही. ही गोळी तिथेच हात घालते. मेंदूतलं डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन लगेच परत ओढून घेतलं जातं ते ती अडवते, आणि डोपामिनचा संबंध एखादी गोष्ट कष्ट घेण्याजोगी वाटण्याशी आहे. १८ मिलिग्रॅमवर मला फारसं काही जाणवलं नाही. ३६ वर गेल्यावर एका सकाळी मी तो प्रकल्पांचा गठ्ठा पुढे ओढला आणि तो मला तपासावासा वाटला. भीतीने, मुदतीने किंवा लाजेने नव्हे; नुसता वाटला. इतरांना रोज असंच वाटत असतं की काय, या विचाराने मला त्यांचा थोडा रागही आला. म्हणजे इथे मदत माझ्या डोळ्यांना मिळालेली नाही, माझ्या इच्छेलाच मिळाली आहे. आणि इच्छाच जर दुकानातून येत असेल, तर करणारी मी कोण?

याचं मला सापडलेलं सर्वांत समजूतदार उत्तर पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कैवल्यपादाच्या तिसऱ्या सूत्रात आहे. बाहेरचं निमित्त प्रकृतीला चालवत नाही, ते फक्त आडकाठी दूर करतं, शेतकऱ्यासारखं. भाष्यकार व्यास ते उलगडून सांगतो. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात न्यायचं असेल तर शेतकरी ते ओंजळीने वाहून नेत नाही. तो बांध फोडतो, पाणी आपलं आपण जातं. भाताच्या मुळांत पाणी तो स्वतः शिरवू शकत नाही. तण काढतो, मग ते मुळांत शिरतं. तसं औषध. इच्छा त्याने आणली नाही. ती वरच्या वाफ्यात तुंबून होती, याला माझा शाबरभाष्याचा तास साक्षी आहे.

माझं माहेर कृष्णाकाठचं, उसाचं. ही उपमा वाचणाऱ्या शहरी विद्यार्थ्यांना ती इथेच संपते. मला संपत नाही, कारण दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी सोडायला, जाणारा माणूस मी पाहिला आहे. दारं मोडणं हे निम्मं काम. वाफा भरला की ते पुन्हा बांधायचं असतं. माझे वडील मोडायला उत्साहाने जायचे आणि मग बांधावर कुणी भेटलं, कुठे सापाची कात दिसली, की बांधायचं राहून जायचं; पहाटे शेजारी ओरडत दारात. आणि सांगली-मिरजेच्या आसपास नदीकाठची किती तरी जमीन वर्षानुवर्षांच्या बेसुमार पाण्याने क्षारपड होऊन पडली आहे. पाणी कमी पडल्याने नव्हे. पतंजलीने उपमा शेतकऱ्याची दिली तेव्हा शेतकऱ्याची सगळी अक्कल तिच्यात आली आहे, असं धरायला मी तयार आहे.

हे मला कळलं ते ५४ वर. ३६ आणि १८ मिळून घेऊन पाहा, असं डॉक्टर म्हणाले. मात्रा वर नेऊन बघणं हा या शोधाचाच भाग आहे, तिथे काय होतं ते गेल्याशिवाय कळत नाही. ते दिवस विलक्षण होते. एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचं प्रकरण मी सलग दुपारभर तपासलं. तळटीपा, अनुस्वार, स्वल्पविरामांमागची जागा, काही सोडलं नाही. जबडा आवळलेला, तळहात गार, आणि डोक्यात काचेसारखी स्वच्छता. त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की माणसाने असंच असावं. डॉक्टरांनी विचारलंही, ‘कसं वाटतंय?’ मी म्हटलं, ‘उत्तम.’ सासूबाई गुडघे दाखवायला त्याच इमारतीत आल्या होत्या, त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काम झकास करते हो. पण पूर्वी ही दहा कामं टाकून यायची. आता एकही टाकून येत नाही.’

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, तोही चढलेला होता, आणि मात्रा ३६ वर आणली.

सासूबाईंच्या त्या वाक्याने माझ्या शिकवण्याची एक बाजू उलटीपालटी केली. चंचल मन कसं आवरावं, असं अर्जुन गीतेच्या सहाव्या अध्यायात विचारतो तेव्हा श्रीकृष्ण दोन गोष्टी सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलीही समाधिपादात हीच जोडी देतो. मी इतकी वर्षं अभ्यासावर दोन तास घ्यायची आणि वैराग्य हे संन्याशांचं प्रकरण म्हणून वीस मिनिटांत उरकायची. मनाचं दुखणं मुळी एकाग्रता नसण्याचं, मग वैराग्याचं काय काम, अशी माझी आतली समजूत असावी. ५४ वर मला निव्वळ अभ्यास मिळाला, वैराग्याशिवाय. जे हातात घेतलं त्याला चिकटायचं. ते काय आहे, कितपत मोलाचं आहे, पलीकडच्या खोलीत कोण हाक मारतंय, याचा हिशेब नाही. बगळाही एकाग्रच असतो. वैराग्य म्हणजे भगवी वस्त्रं असतील तेव्हा असोत, माझ्या पातळीवर त्याचा अर्थ लाल पेन खाली ठेवून उठता येणं एवढा आहे, आणि तेवढा अर्थ सूत्राला पेलतो असं मला वाटतं.

म्हणून योग्य औषध कोणतं, याची माझी कसोटी आता बदलली आहे. सुरुवातीला मी मोजायची ते किती वेळ बसता येतं. आता पाहते ते बसलेलं असताना उठता येतं का. कमी मात्रेवर मी कुठे बसतच नव्हते, जास्तीवर उठत नव्हते. मधे एक पट्टा आहे, फार रुंद नाही, जिथे दोन्ही जमतं. तो प्रत्येकाचा वेगळा, औषधही वेगळं, आणि माझाही कायमचा राहील असं डॉक्टर म्हणत नाहीत; दर भेटीला रक्तदाब आणि वजन बघतात.

यात एक तात्त्विक पेच आहे, तो मी सोडवलेला नाही. मात्रा बरोबर आहे की नाही, याचा न्याय करणारं मन तीच मात्रा घेऊन बसलेलं असतं. चुकीच्या मात्रेवर मला चुकीची मात्रा बरोबर वाटली. वेदान्ती म्हणतील, मनाच्या पलीकडे साक्षी आहे, तो गोळीने बदलत नाही. असेल. मी ५४ वर असताना तो काही बोलला नाही. माझ्या उपयोगी पडलेला साक्षी गुडघेदुखीने हैराण होता आणि त्याला चारचा चहा कुणाबरोबर तरी हवा होता. हे मी उपहासाने म्हणत नाही. आत्म्याचं परीक्षण एकट्याने करायचं असतं, असं आपण फार सहज धरून चालतो.

राहिला तो दुसरा प्रश्न, आधीच्या दोषांचा. इथे मला योगापेक्षा मीमांसा जवळची वाटते. तिला पुण्यापेक्षा जबाबदारीची काळजी जास्त. यज्ञाचा अधिकार कुणाला, याची चर्चा जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे. जो करू शकतो त्याला, हे तत्त्व. मग ज्याच्याजवळ पैसाच नाही त्याचं काय? त्यालाही अधिकार आहे, कारण धन मिळवता येतं. शरीरात व्यंग असलेल्याचं काय? व्यंग बरं होण्यासारखं असेल तर तो गरिबासारखाच. त्याने ते बरं करून घ्यावं आणि कर्म करावं. आणि मुळातूनच असलेलं, कधी न जाणारं असेल, तर तो अधिकार त्याच्याकडे येत नाही.

कोरडी वाटणारी ही तीन अधिकरणं मला हल्ली पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. लोक समजतात, निदान म्हणजे सबब मिळाली. मीमांसक उलट सांगतील. उपाय हाताशी नव्हता तोवर माझ्याकडून जी वसुली चालू होती ती न घेतलेल्या कर्जाची होती. ती मी थांबवली. पण उपाय हाताशी आला त्या दिवसापासून सामर्थ्य ‘मिळवता येण्यासारखं’ झालं, आणि त्याबरोबर अधिकारही चिकटला. आता गठ्ठा राहिला तर तो माझ्या स्वभावाने राहिला असं म्हणता येत नाही. गोळी न घेताच बाहेर पडले, तर तेही मीच केलेलं. मला मोकळं करणाऱ्या औषधाने माझ्या पळवाटाही बुजवल्या. एडीएचडीत अनुवंशाचा वाटा सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात आहे, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. वडिलांच्या वेळी गावात या दुखण्याला नाव नव्हतं, औषधाची तर गोष्टच सोडा. गावाने त्यांना धांदरट ठरवलं, आईने बेफिकीर. त्यांना तिसरं अधिकरण लागू होतं, असा निर्णय मी त्यांच्या पश्चात देऊन टाकला आहे. आईला तो मान्य नाही. ती म्हणते, दारं बांधायला काय औषध लागतं?

माझे एक स्नेही योगशिक्षक आहेत. त्यांनाही हे मान्य नाही, वेगळ्या कारणाने. ‘जे साधनेने यायचं ते तुम्ही विकत घेता,’ असं ते म्हणतात. त्यांच्या वर्गात मी पूर्वी जात असे, आणि शवासनात माझ्याइतकं हलणारं प्रेत त्यांनी पाहिलं नसेल. गोळी सुरू झाल्यावर प्राणायामाला बसता येतं, म्हणजे साधना औषधाने हटवलेली नाही, तिला आता कुठे जागा मिळाली आहे. शिवाय पतंजली अंतरायांची यादी देतो तिच्यात पहिलाच अंतराय व्याधी आहे, आळस त्याच्या बराच खाली. आणि कैवल्यपादाच्या अगदी पहिल्या सूत्रात सिद्धी कशाकशाने येतात ते सांगताना तो जन्मानंतर लगेच औषधीचं नाव घेतो. मंत्र, तप, समाधी त्यानंतर. क्रमाला अर्थ नसतो, असं स्नेही म्हणतात. मग व्यासाकडे बोट दाखवतात, आणि तिथे त्यांची बाजू खरोखर भक्कम आहे. औषधीने येणारी सिद्धी कुठली, तर असुरांच्या घरी रसायनाने येते ती, असं व्यास म्हणतो. सूत्रकाराने सरळ यादीत घेतलेली गोष्ट भाष्यकाराने उचलून राक्षसांच्या वाड्यात नेऊन ठेवली.

यंदा हे सूत्र वर्गात आलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, असुरांच्याच घरी का? आपल्याकडे का नाही?’ मी तिला वाचस्पती मिश्रांची टीका उघडून दाखवली. ते आधी व्यासाला साजेशी गोष्ट सांगतात, कुणी माणूस असुरांच्या घरी पोचतो, सुंदर असुरकन्या त्याला रसायन आणून देतात, वगैरे. आणि मग एका छोट्या ‘किंवा’ने सगळं खाली आणतात: किंवा इथेच, विंध्यात राहणाऱ्या मांडव्य मुनीसारखं. मुलीने विचारलं, हे परीक्षेला येतं का. मी म्हटलं, नाही येत. तिने ते तरी लिहून घेतलं, आणि शेजारणीला मांडव्याने नक्की काय घेतलं असेल यावर कुजबुजत बोलायला लागली, तेव्हा मी पुढच्या सूत्राकडे वळले.